कप्तान डावीकडे कलला तेव्हा

कप्तान डावीकडे कलला, म्हणून अख्खं जहाज डावीकडे कललं. नकाशावाला कलला, इंजिनवाला कलला, दारातले दोन पहारेकरी भिंतीला घासेपर्यंत कलले. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक ओरडला, "वा! एकदम जिवंत! चालू दे!"

आणि तिकडे कप्तानाच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती.

हे जहाज म्हणजे जुन्या गोदामात उभं केलेलं प्लायवूड. 'महानौका' ही मालिका सोळा वर्षं चालली, तिचे सिनेमे निघाले, कप्तानाचा चेहरा पोरांच्या दप्तरांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर छापला गेला. पण एवढं कमावूनही मालकाने जहाज हलवायचं यंत्र काही आणलं नाही. शत्रूचा गोळा आदळला की कॅमेरावाल्याने कॅमेरा हलवायचा आणि माणसांनी आपापली अंगं हलवायची. सुरुवातीला ज्याला जिकडे सुचेल तिकडे तो कलायचा. एका भागात निम्मे डावीकडे गेले, निम्मे उजवीकडे, आणि इंजिनवाला तर गोंधळून खालीच बसला. बघणारे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी कप्तानाने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"आजपासून माझ्या खांद्यावर नजर. मी जाईन तिकडे तुम्ही. मी पडलो तर तुम्ही पडायचं. कुणी डोकं चालवायचं नाही. डोकं चालवणारा उशिरा कलतो, आणि उशिरा कलणारा सगळ्यांना उघडं पाडतो."

तेव्हापासून रोज सकाळी कवायत. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात आलो असं वाटलं असतं. धडधाकट बाया-बाप्ये सपाट जमिनीवर उभे राहून एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे.

त्या कवायतीला सगळ्यात जास्त नाक मुरडायची ती रडारबाई. ती आधी बॅटरीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे हातमोज्यांसाठी संप केला म्हणून तिला हाकललं. इथे तिला काम मिळालं ते कप्तानाच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून, एका काळ्या काचेसमोर बसायचं. काचेवर फिरणारा हिरवा ठिपका मागाहून कुणीतरी घालायचं. शूटिंगच्या वेळी ती काच नुसती काळी असायची, आणि तिच्यात मागे उभ्या कप्तानाचं तोंड दिसायचं. बाकीच्यांना दिसायचा त्याचा खांदा. तोंड दिसायचं ते हिला.

त्या तोंडाची तिला चीड होती. हा माणूस पूर्वी बसस्थानकात बसून घोषणा करायचा. फलाट सातवरची गाडी फलाट नऊवर येत आहे, असं त्याने म्हटलं की शेकडो माणसं सामानासकट धावत सुटायची. मालकाने तो आवाज तिथेच ऐकला आणि उचलून आणला. टोप चढवला, मिशी चिकटवली, झाला कप्तान! आणि मग तो उतरेचना. कँटीनमध्ये रांग असली तरी हा मागून गरजायचा, "मार्ग!" चहावाल्याला विचारायचा, "चहाचा काय अहवाल?" चहावाला म्हणायचा, "अहवाल उकळतोय, कप्तानसाहेब." रडारबाईने युनियन उभी केली तेव्हा ती त्याच्याकडेही गेली होती.

"कप्तानच संपावर गेला तर जहाज कोण चालवणार?" तो म्हणाला.

"ते प्लायवूड? सुतार चालवेल की!"

त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी शूटिंगबाहेर बोलला नव्हता.

तर त्या दिवशी त्याला म्हणायचं होतं, "धीर सोडू नका!" तो म्हणाला, "धी... सोऊ नका." रडारबाईने काचेत पाहिलं. तोंडाची डावी बाजू खाली घसरली होती. ओली माती ओघळावी तशी. डोळे मात्र उघडे टक्क, आणि त्यांत कप्तान नव्हता. त्यांत घाबरलेला एक म्हातारा होता. हे नाटक नाही, एवढं तिला लख्ख कळलं. तरी तिची पाठ आपोआप डावीकडे गेली! आपण कलतोय हे तिला दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं. तो आणखी कलला, सगळे आणखी कलले. तो कोसळला, तसे मागचे धपाधप कोसळले. जमिनीवर माणसांचा सडा पडला आणि दिग्दर्शक आनंदाने मांडीवर थाप मारत होता.

"कट! कट! अरे मरतोय तो!" रडारबाई किंचाळली आणि जागेवरून धावली.

"जागा सोडलीस कुणाला विचारून?" दिग्दर्शक खेकसला. मग पडलेले सगळे कपडे झटकत उठले. एक जण उठला नाही.

कप्तान वाचला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. सगळ्यांनी हुश्श केलं, आणि आठवड्याने कँटीनमधल्या टीव्हीवर जाहिरात लागली: 'कप्तानाची आजवरची सर्वात थरारक झुंज! येत्या रविवारी!' खाली तोच शॉट. रडारबाई किंचाळायच्या आधीपर्यंतचा.

इंजिनवाल्याच्या हातातला कप खाली पडला. "हे... हे दाखवणार? त्याचं मरण दाखवणार?"

"मेला कुठे? आणि त्याचा होकार आहे," मालकाचा माणूस म्हणाला. "तुमच्या पोटात का दुखतंय?"

रडारबाईचा पारा चढला. तिने त्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं. नकाशावाला, पहारेकरी, सुतार, चहावालासुद्धा फाटकावर बसले. तो शॉट कापल्याशिवाय कुणी आत जाणार नाही. पण होकाराची गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. ती तडक इस्पितळात गेली.

मोठ्या खोलीत सहा खाटा होत्या. टोप नाही, मिशी नाही, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही त्याला ओळखलं नव्हतं. बायको उशाशी सफरचंद कापत होती.

"वहिनी, आम्ही सगळे कामं टाकून फाटकावर बसलोय. यांनी खरंच हो म्हटलं?"

"मी कपाळ बडवून घेतलं, बाई. ऐकतील तर ना! म्हणतात, माझं सगळ्यात मोठं काम आहे ते."

"आहेच," कप्तान अर्ध्या तोंडाने म्हणाला. शब्द फाटलेले, पण तोरा शाबूत. "इतकी वर्षं लोक म्हणाले, हा नुसता ओरडतो. आता बघू देत. दाखव मला. कुणी दाखवतच नाही."

रडारबाई हबकली. त्याने स्वतः पाहिलाच नव्हता! तिने मोबाइल काढला, जाहिरात लावली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

त्याने पाहिली. परत लाव म्हणाला. परत पाहिली. बायकोने मान फिरवली. तो मात्र कपाळाला आठी घालून, कवायतीत बघायचा तसा बघत होता.

"मागची रांग चांगली आहे. पहारेकरी उत्तम," तो म्हणाला. मग थबकला. "तू उशिरा कललीस."

रडारबाईने मोबाइल खाली घेतला. घरंगळत्या जिवाच्या त्या शॉटमध्ये या माणसाला नेमकं हेच दिसलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"का?"

"काचेत तुमचं तोंड दिसलं. कळलं मला, खरं आहे म्हणून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्याची पापणी लवली, डावी तशीच. "कळलं होतं? मग कललीस कशाला?"

"तुम्हीच शिकवलंत ना! कप्तान जाईल तिकडे जायचं. मला थांबताच येईना, कप्तानसाहेब. आईशप्पथ थांबताच येईना."

त्याने मोबाइलकडे बोट केलं. या वेळी त्याने मागची रांग पाहिली नाही. स्वतःचं तोंड पाहिलं. चित्र संपलं तेव्हा त्याने उजव्या हाताने मोबाइल दूर सारला.

"बाई, मालकाला फोन लावून दे."

मालक पलीकडून गोड आवाजात म्हणाला, "कप्तान, अहो काय अभिनय! लोक वेडे होतील!"

"तो अभिनय नाही. मी घाबरलो होतो." गर्जना नाही, काही नाही. बायकोच्या हातातली सुरी तशीच राहिली. हा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "ते दाखवू नका."

"पण तुम्ही होकार..."

"न बघता दिला. परत घेतला."

"जाहिराती विकल्यात हो मी त्या भागावर! तुम्ही असे कसे..."

"मग मीही फाटकावर येतो त्यांच्याबरोबर. तिथे बसायचंच आहे ना? बसणं तेवढं जमतं मला अजून."

पक्षाघाताने वाकडा झालेला लाडका कप्तान फाटकावर बसलाय, आणि त्याच्याभोवती कॅमेरे, हे चित्र मालकाला न दाखवताही दिसलं असावं. "बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

रडारबाई जायला उठली. कप्तानाने डोळे मिटले होते. संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर ती जाहिरात लागायची वेळ झाली आणि तिच्या जागी साबणाची जाहिरात आली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुरकुरला, "अरेच्चा, कप्तानाचं ते मरणाचं दृश्य होतं ना, ते कुठे गेलं? मला बघायचं होतं."

"नव्हतं चांगलं," कप्तान भिंतीकडे तोंड करून म्हणाला.