क्लबहाउसच्या जागेवरची भाजी
सरसोंच्या भाजीचा वास आला की मला गुडगावातला तो तंबू आठवतो. नव्या वसाहती उगवायला लागल्या होत्या, आणि एका बिल्डरने आम्हा पत्रकारांना दिल्लीहून बसने नेलं होतं. नकाशा सुरेख, भाषण त्याहून सुरेख: सगळी जमीन आमच्या ताब्यात आहे, उद्यापासून बुकिंग सुरू. बाकीचे वार्ताहर बिल्डरला गराडा घालून उभे राहिले. मला कडकडून भूक लागलेली, मी सरळ जेवणाकडे गेले. भाजी इतकी ताजी, की घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला विचारलंच, "ताऊ, साग कहाँ का है?" त्याने तंबूमागचं पिवळं शेत दाखवलं. "म्हारे खेत का सै, बेटी." नकाशात तिथे क्लबहाउस होतं! "बेचा नहीं?" "क्यूँ बेचूँ?" ताट तसंच ठेवून मी त्याच्यासोबत तहसील कचेरी गाठली. कागदावर त्याचंच नाव. "बिल्डर का ऍड तो गया," संपादक म्हणाले, आणि बातमी पहिल्या पानावर लावली. दुसऱ्या दिवशी बुकिंगचं ऑफिस उघडलंच नाही. पुढे जन्मभर कंपन्यांचे ताळेबंद वाचले, बड्याबड्यांना घाम फोडला. पण आजही कुणी पत्रकारांना जेवायला बोलावलं, की मी आधी भाजी आणणाऱ्याला गाठते.