कन्नडात सांगितलेला थकवा

निपाणीच्या आमच्या घरी मी वाचायला शिकले ती सीमाप्रश्नाच्या पत्रकांवरून. वडील गठ्ठे आणायचे, मी घड्या घालायचे. पुढं मीच ती लिहू लागले. कन्नड येत असलं तरी सरकारी कचेरीत मराठीतच बोलायचं हा माझा नियम.

दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी माझी एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवण्याची, गोळी थांबवली. गरोदरपण कसंबसं निभावलं, बाळ झाल्यावर मात्र काहीच जमेना. दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला जायचे आणि करपल्याचा वास आला की धावायचे. बाळाला अंघोळ घालताना टॉवेल आणायला उठले आणि परत यायचंच विसरले तर? या भीतीनं अंघोळ लांबवत राहायचे.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पत्रक लिवताना बरं ध्यान असतंय गं तुझं. पोराच्या वक्ताला कुठं जातंय?"

गोळी पुन्हा घेता येईल का, हे विचारायला आम्ही दोघी बाळाला घेऊन बेळगावला गेलो. आधीचे डॉक्टर बदलून गेले होते, नवे कन्नड होते. मी मराठीत सुरुवात केली. ते कान देऊन ऐकत होते, पण माझंच वाक्य अर्ध्यात हरवायचं. बाळ रडू लागलं. आत्तींनी कन्नडात सांगून टाकलं, "तसं काय न्हाय, हिच्या डोक्यात चळवळ, घरात लक्ष न्हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली. आता गोळी मिळत नाही, हे मला दिसलं. मग मी कन्नडात बोलले. करपलेलं दूध, अंघोळीची भीती, सगळं. शेवटी मी म्हणाले, "नन्ग साकागेत्री." आता पुरे झालं.

डॉक्टर म्हणाले, "बाळ अंगावर पितंय, तेव्हा बाळाच्या डॉक्टरांशी बोलून गोळीचं ठरवू. तोवर अंघोळ एकटीनं घालू नका."

बसस्टँडवर आत्ती माझ्याकडं वळल्या.

"कन्नड बोललीस तू."

"हं."

"तहसीलदार वरडला तरी बोलली न्हाईस कधी."

"हं."

"म्हंजे खरंच लई झालंय की गं! उद्यापासनं अंघोळ मी घालतो."

बाळ झाल्यापासून हेच मी त्यांना घरात मराठीत सांगत होते. तसं सुनावायला तोंड उघडलं. पण बस आली होती आणि त्यांनी हात पुढं केले होते. मी बाळ त्यांच्याकडे दिलं.