पाच नंबरच्या पॉइंटवरची दुसरी खुर्ची

गोवर्धन पटले यांच्या व्हॅनमध्ये त्या सकाळीही घडीच्या दोन खुर्च्या होत्या. माणूस मात्र एकच होता.

गोरेगाव या तालुक्याच्या गावात, बाजाररस्त्यावर, त्यांनी तीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. पुढे लोक दुरुस्तीपेक्षा नवेच घेणे पसंत करू लागले, तेव्हा कुणावर न रागावता त्यांनी शटर खाली ओढले. त्यानंतर त्यांच्याकडे एकच काम उरले, आणि त्या कामाचा त्यांनी कधी कुणाकडून मोबदला घेतला नव्हता. तरुणपणी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. घरातल्या कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बिनतारी यंत्रावरून ते दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलत. कधी पूर आला, कधी जत्रेला गर्दी झाली, तर जिथे मोबाइल पोहोचत नाही तिथे हे यंत्र घेऊन जाऊन बसत.

"त्या डबड्यासंग जेवढं बोलता, तेवढं माह्यासंग बोलत जा ना," त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई म्हणत.

सालेकशाहून दरेकशापर्यंतची जंगलदौड सुरू झाली त्या पहिल्या वर्षी, "डोंगरावर एकटे काय बसता," असे म्हणून त्या व्हॅनमध्ये चढल्या आणि सलग नऊ वर्षे चढत राहिल्या. धावपटू समोरून गेला की गोवर्धन त्याच्या छातीवरचा क्रमांक मोठ्याने वाचत आणि रुख्मिणीबाई तो नोंदवहीत लिहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंचे आकडे गोवर्धनच्या आकड्यांपेक्षा ठसठशीत असत. गर्दी ओसरली की त्या डबा उघडत. वर्षभर घरात जे बोलून होत नसे ते त्या माथ्यावर, सागाची पाने वाजत असताना, बोलून होई.

त्या गेल्यानंतरची ही तिसरी दौड होती. पहिल्या वर्षी दुसरी खुर्ची सवयीने व्हॅनमध्ये आली. दुसऱ्या वर्षी ती त्यांनी जाणून आणली. घरात बायकोशी मोठ्याने बोलायला त्यांना संकोच वाटे. भिंतीला भिंत लागून शेजार होता. दौडीच्या वाटेवर नोंदीसाठी सात पॉइंट होते; त्यांतल्या माथ्यावरच्या पाच नंबरच्या पॉइंटवर मात्र दोन्ही बाजूंना मैलभर कोणी नसे. वर्षातला तो एक दिवस ते दुसरी खुर्ची उघडत, तिच्यावर डबा ठेवत आणि बोलत.

म्हणूनच दहा दिवसांपूर्वीच्या बैठकीत ते इतके अस्वस्थ झाले होते. यंदापासून प्रत्येक पॉइंटवर दोन-दोन माणसे बसवायची, असे समितीने ठरवले होते. माणूस म्हातारा, जागा निर्जन, उद्या काही झाले तर कोण पाहणार, असे कुणीतरी म्हणाले. गोवर्धनच्या बाजूने बोलला तो योगराज कटरे. त्याने परवाना गोवर्धनच्याच दुकानात बसून, त्यांच्याच हाताखाली शिकून मिळवला होता, आणि आता दरेकशाच्या शाळेतल्या कंट्रोलवर, म्हणजे मुख्य यंत्रावर, बसून तोच सगळे जाळे सांभाळत असे.

"अकरा वर्षांच्या नोंदवह्या माह्यापाशी आहेत," योगराज म्हणाला. "त्यात काकाजींची एक चूक दाखवा. दाखवली का मी सोताच दुसरा मानूस नेऊन बसवतो."

चूक कोणाला दाखवता आली नाही. पाच नंबर एकट्या गोवर्धनकडे राहिला.

पाच नंबर हा साधा पॉइंट नव्हता. चार नंबर नाल्याजवळच्या खोलगट भागात होता. तिथला आवाज डोंगर ओलांडून दरेकशाच्या शाळेपर्यंत जात नसे. माथ्यावरच्या माणसाने तो ऐकायचा आणि पुढे सांगायचा, असा रिवाज होता. म्हणून गोवर्धन तिथे वीस फुटी बांबूला ॲन्टेना बांधत, दोऱ्यांनी चारी बाजूंनी ताणत, दहा वेळा हलवून पाहत. त्या बांबूवरून सुटलेला आवाज सातही पॉइंटवर सगळ्यांत मोठा ऐकू येई.

आठच्या सुमारास पहिले धावपटू आले. मग घोळका आला. गोवर्धन क्रमांक वाचत होते आणि स्वतःच लिहीतही होते. त्यामुळे दोन-तीन धावपटूंना हाका मारून थांबवावे लागले. चार नंबरवर दुर्गेश्वरी टेंभरे होती, सालेकशाच्या शाळेतली मास्तरीण. गेल्या वर्षीच तिला परवाना मिळाला होता.

"पाच नंबर, चार नंबर बोलतेय. पटले काकाजी, नमस्कार. आता माझ्याकडून एकशे सहा, एकशे एकोणीस, आणि एक निळ्या टोपीवाले गृहस्थ, त्यांचा नंबर घामानं ओला होऊन—"

"नंबर फक्त सांग, बाई. टोपी त्याची त्याच्यापाशी राहू दे. ओव्हर."

कंट्रोलवरून योगराजचे हसणे ऐकू आले. "काकाजी, मास्तरीनबाईले बोलू द्या ना. वर्षातून एकदा तर भेटते ते तुमाले."

"तूही कमी बोल. ओव्हर."

नवाच्या पुढे रस्ता ओस पडला. शेवटचे पंधरा-वीस जण मागे होते आणि ते दमून चालत येणारे होते. गोवर्धननी दुसरी खुर्ची आपल्या खुर्चीसमोर ओढली. यंत्र व्हॅनच्या दारात उन्हाकडे पाठ करून ठेवले होते. माईकची वायर लांब होती, म्हणून तो त्यांनी दुसऱ्या खुर्चीवर टाकला होता. डब्याची पिशवी ठेवताना तो तिच्या बुडाखाली गेला आणि बोलायचे बटण दाबले गेले. हे त्यांना दिसले नाही. यंत्र बोलत असते तेव्हा ऐकत नसते. यंत्र गप्प झाले आणि गोवर्धनना वाटले, सगळीकडेच शांत झाले आहे.

"यंदा थंडी कमी आहे," ते खुर्चीकडे पाहून म्हणाले. "तुही शाल आनली होती मी. गाडीतच आहे."

डबा त्यांनी उघडला नाही. अजून वेळ होता.

"योगराज कंट्रोलवर आहे. चांगला करते, पन आवाज त्याचा फुटक्या टिनावानी. आन ते टेंभऱ्याची मास्तरीन! एक नंबर सांगाले गावाची कहानी सांगते. तू असती त मनली असती, बोलू द्या, तिले घरी कोन बोलू देत असन." ते थोडे हसले. खालच्या रुळांवरून एक मालगाडी लांबलचक जात राहिली.

"आपली टीना पुण्याले बोलावते. दर इतवारी 'बाबा, या ना' मनून फोन करते. मी मनतो, इथं काम आहे. काय काम आहे? साडेसहाले जेवून घेतो मी आजकाल. जेवलो का दिवस संपला असं वाटते. सकाळी दाढी करतो, कोनी येत नाही तरी करतो. परवा कुकरची रिंग बदलली. दुकानदारानं इचारलं, किती लिटरचा? मले सांगता नाही आलं. बत्तीस वर्ष घरात आहे तो कुकर. तुले इचारावं असं वाटलं. घरी येईपरेंत ध्यानातच नाही आलं का..."

मोटारसायकलचा आवाज वळणावरून जोरात आला. वनविभागात रोजंदारीवर असलेला लालसिंग चार नंबरवर मदतीला होता. त्याने गाडी धड उभीही केली नाही.

"काकाजी! तो डबा उचला ना पैले! माईक दबून राहिला तुमचा!"

गोवर्धननी पिशवी उचलली. माईक गरम झाला होता. यंत्रावरचा लाल दिवा विझला आणि त्या क्षणी बाकीच्या सगळ्या पॉइंटचे आवाज एकमेकांवर आदळत बाहेर पडले.

"किती वेळचा?" त्यांनी विचारले.

"दहा-अकरा मिनिट झाले असतीन. मॅडम हाका मारू मारू थकली. दुसऱ्या चॅनलवर गेली, त तिथं कोनीच नाही. एक पोरगी पडली ना खाली, गुडघा फुटला तिचा." लालसिंगने नजर बाजूला वळवली. "मले मनली, जा, पळ, काकाजीले सांग."

गोवर्धननी माईक तोंडाजवळ नेला. आवाज तीस वर्षांच्या सवयीने सरळ निघाला. "पाच नंबर. वाहिनी मोकळी. सगळे थांबा. चार नंबर, बोला."

"चार नंबर. धावपटू दोनशे तेरा. गुडघ्याला मार, चालू शकत नाही, शुद्धीवर आहे. रुग्णवाहिका पाहिजे. ओव्हर."

एकही जादा शब्द नव्हता. त्यांनी तो निरोप जसाच्या तसा कंट्रोलला सांगितला. सहा नंबरजवळ इंजिन बंद करून उभी असलेली रुग्णवाहिका तीन मिनिटांनी त्यांच्यासमोरून उतारावर गेली.

त्यानंतर दौड संपेपर्यंत कुणी त्यांची थट्टा केली नाही. दुर्गेश्वरी नुसते नंबर सांगत होती. योगराज प्रत्येक वेळी "ठीक आहे, काकाजी, धन्यवाद" म्हणत होता, आणि ते धन्यवाद गोवर्धनना माराहून जास्त लागत होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी इतके जपून बोलत होते. समोरच्या खुर्चीवर डबा तसाच होता. तिच्याशीही त्यांना आता एक शब्द बोलता येईना. माईक दूर व्हॅनमध्ये आकड्याला टांगला होता, तरी त्यांनी दोनदा जाऊन पाहिला.

दुपारी ते दरेकशाच्या शाळेत पोहोचले तेव्हा व्हरांड्यात पोह्यांच्या पत्रावळी वाटल्या जात होत्या. एका बाकावर, गुडघ्याला पट्टी बांधून, दोनशे तेरा नंबरची मुलगी बसली होती. चमेली तिचे नाव. पलीकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरून, लहानशा पाड्यावरून, ती आली होती. बक्षिसे वाटली जात होती तिकडे ती पाहतही नव्हती.

"लय वेळ बसावं लागलं का, बेटा?" गोवर्धननी विचारले.

"हव ना. मले वाटलं, आता कोनी येतच नाही." तिने त्यांच्या आवाजाकडे कान दिल्यासारखे पाहिले. "तुमीच होते का ते? मॅडमच्या मशीनमधून तुमचाच आवाज येत होता. कोनासंग बोलत होते, बाबा?"

"घरी," गोवर्धन म्हणाले.

"घरी रेंज लागते तिथून?"



आत वर्गात योगराज सगळ्या पॉइंटच्या नोंदवह्या गोळा करत होता. दौड संपल्यावर प्रत्येकाने आपली वही आपल्या हाताने पूर्ण करून कंट्रोलला द्यायची आणि मग सगळ्या वह्या समितीकडे जायच्या, हा पहिल्या वर्षापासूनचा शिरस्ता होता. योगराजने गोवर्धनना दाराशी गाठले आणि आवाज खाली आणला.

"काकाजी, नऊ बारा ते नऊ तेवीस चॅनलवर बाहेरून काहीतरी गडबड झाली. अज्ञात व्यत्यय, असं लिवलं मी. मास्तरीनबाईनं बी तेच लिवलं. बाकीच्यांनी बी. तुमी बी तेच लिवा."

गोवर्धननी मागे पाहिले. दुर्गेश्वरी खिडकीजवळ उभी होती. तिने मान हलवली आणि लगेच बाहेर, मैदानाकडे पाहू लागली.

बाकीच्या सगळ्या पॉइंटवरच्या माणसांनी त्यांचा कुकर, त्यांची दाढी, त्यांचे साडेसहाचे जेवण ऐकले होते, आणि सगळ्यांनी मिळून न ऐकल्यासारखे करायचे ठरवले होते. माणसे माणसासाठी यापेक्षा जास्त काय करतात, हे गोवर्धनना कळत होते. आणि आपणही तेच लिहिले तर पुढच्या जानेवारीत माथा पुन्हा त्यांचा एकट्याचाच राहणार होता, हेही कळत होते. उघड्या दारातून त्यांना बाकावर पसरलेला, पट्टी बांधलेला एक पाय दिसत होता.

त्यांनी खिशातले पेन काढले. वहीच्या त्या पानावर आज सगळे आकडे त्यांच्याच बारीक अक्षरातले होते. त्यांखाली त्यांनी लिहिले: "९.१२ ते ९.२३. पाच नंबरचा माईक दाबला गेला. वाहिनी बंद. क्रमांक २१३ ला अकरा मिनिटे मदत मिळू शकली नाही. चूक माझी." खाली सही केली.

योगराजने ते उभ्या उभ्या वाचले, मग पुन्हा वाचले.

"मीटिंगमधी मी काय बोललो होतो, आठवते ना तुमाले?"

"म्हनूनच लिवलं."

"आता मले दुसरा मानूस बसवाच लागन, काकाजी. माहाच शब्द आहे तो."

"बसव."

"लालसिंग परीक्षेले बसतो म्हनते. चांगला आहे. गप्प राहते." योगराज वही मिटून तशीच हातात धरून उभा राहिला. "तुमी राग नोका मानू."

"राग काऊन मानू?" गोवर्धन म्हणाले. पायऱ्या उतरून ते व्हॅनपर्यंत गेले आणि तिथे थांबले. मागच्या काचेतून घडी घातलेल्या दोन्ही खुर्च्या दिसत होत्या, एकीला एक टेकलेल्या. ते वळले आणि दारातल्या योगराजला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"त्याले खुर्ची आनाले नोको सांगजो. माह्यापाशी दुसरी आहे."