आमचे सुभेदार विसरायला लागले तेव्हा

चार माजी सैनिक एका कट्ट्यावर बसले की किस्से आपोआप साठत जातात. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे देवळामागच्या आमच्या कट्ट्यावर किश्श्यांचा ढीगच आहे. पण अलीकडचे सगळे एकट्या सुभेदारांचे. आधी आम्ही ते हसत सांगायचो, आता सांगताना मध्येच थांबावं लागतं.

सुरुवात पत्त्यांत झाली. मेंढीकोट खेळताना सुभेदारांनी आपल्याच भिडूचा हात हुकमानं कापला. भिडू म्हणजे आमचा बबन, रिटायर्ड हवालदार. तो म्हणाला, "साहेब, मी तुमच्या बाजूनं हाय."

सुभेदार शांतपणे म्हणाले, "तसं समदेच म्हणत्यात."

हा डायलॉग आम्ही महिनाभर पुरवून वापरला.

मग सव्वीस जानेवारी. शाळेत झेंड्याचा मान सुभेदारांचाच. त्यांनी "सावधान!" अशी आरोळी दिली की मास्तरसुद्धा ताठ झाले. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. पण 'विश्राम' काही येईना. सगळी शाळा उभी आणि सुभेदार झेंड्याकडं बघत उभे. शेवटी मागून बबननंच "विश्राम" म्हटलं. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, "आज कसला कार्यक्रम हुता रं?"

तेव्हा मात्र मी घरी पोचताच त्यांच्या मुलीला फोन लावला.

ती सांगलीत असते. तिनं तिथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. सुभेदार, त्यांच्या बायको हौसाकाकू आणि मी असे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"ते क्लार्क बघतो."

"बरं, आत्ता आपण कुठल्या गावात आहोत?"

सुभेदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "युनिट कुठं हाय ते सिव्हिलियनला सांगता येत न्हाई."

डॉक्टर हसले, मीही हसलो. काकू हसल्या नाहीत. अल्झायमर आहे, हळूहळू वाढत जाणार, औषधानं वेग थोडा कमी होईल एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. परतताना गाडीत काकू बोलल्या, "मला कवाच कळलं हुतं. पर सांगू कुणाला? तुमी समदे हसत हुता."

इस्लामपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढं त्यांच्या ध्यानातून एकेक माणूस गळत गेला. आधी नातवंडं, मग जावई, मग आम्ही कट्ट्यावाले. बबनला ते रोज विचारायचे, "जवान, गाव कोणतं?" बबन रोज ताठ उभा राहून सांगायचा, "तुमचंच, साहेब."

सुभेदारांची सगळी नोकरी सरहद्दीवर गेली. शेत, पोरं, सासू-सासरे काकूंनी एकटीनं सांभाळले. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून राहायचं, एवढीच त्यांची हौस. त्या म्हणायच्या, "बाकी समदं जाऊ दे, मी तेवढी त्यांच्या ध्यानात ऱ्हाऊ दे."

गेल्या महिन्यात सकाळी मी त्यांच्याकडं गेलो होतो. काकू सोप्यात डाळ निवडत बसल्या होत्या. सुभेदार आतून आले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. काकूंसमोर सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडम, साहेबांस्नी सांगा. मला रजा पायजे."

"कशापायी?"

"घरी बायको एकली हाय. लय दिस झालं."

काकूंचा हात सुपातच राहिला. "काय नाव तिचं?"

"हौसा," सुभेदार लगेच म्हणाले.

काकू उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंजूर हाय. जावा घरी."