मी शिवलेली देवीची पहिली चोळी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास मी जानेफळला भावाच्या घरी परत आले. नवरा गेला होता. त्याच्या आजारपणात उकळतं पाणी सांडून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती. वहिनीनं कधी शब्दानं दुखवलं नाही, तरी मला घरात अवघडल्यासारखं होई. देवीच्या देवळासमोरून जाताना मी मान फिरवून घेई. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भावानं मला शेजारच्या गंगूमावशींकडे शिवण शिकायला धाडलं. माझी टीप वाकडी जाई, मी रडकुंडीला येई. मावशी माझी आखडलेली बोटं हातात घेऊन म्हणायच्या, "काऊन भेतं पोरी? चुकलं तं उसवू. तुह्या हाताले कपडा समजते, मले दिसून राह्यलं." त्या हाताबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. हळूहळू झबली, परकर जमू लागले. कात्री मात्र मी धरत नसे. शिवलेलं उसवता येतं, कापलेल्याचं काय करायचं?

नवरात्रात देवीची चोळीही मावशीच शिवायच्या. त्या वर्षी ऐन घटस्थापनेच्या तोंडावर त्यांना लेकीच्या बाळंतपणाला दुसरबीडला जावं लागलं. जाताना त्यांनी देवीचा खण माझ्या मांडीवर ठेवला.

"मावशी, मले नाही जमणार."

"जमते. आता कात्री तूच धर. आल्यावर पाहीन मी."

घटस्थापनेच्या सकाळी खण अंथरून मी नुसती बसून होते. खण एकच, दुसरा आणायला वेळ नाही. देवळाकडे पाठ फिरवलेली मी, आणि देवीचंच वस्त्र माझ्या हाती. डोळे भरून आले. तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई पाणी मागायला थांबली. पाणी पिऊन तिनं खणाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाली, "काप ना माय. तुह्या हाताले कपडा समजते." आणि ती एस.टी.च्या वाटेनं निघून गेली. मावशींचेच शब्द! ती कोण, कुठली, हे गावात कोणालाच सांगता आलं नाही. मी कात्री चालवली. दुपारी पुजाऱ्यांनी चोळी देवीच्या अंगावर चढवली, अगदी मापात बसली. कितीतरी दिवसांनी माझे हात जोडले गेले.

दुसरबीडला जाणाऱ्या एका गाववाल्याजवळ मी लगेच निरोप दिला. तो पोचला तेव्हा मावशींच्या लेकीच्या घरासमोर माणसं जमली होती. तापाचं निमित्त होऊन मावशी गेल्या होत्या. लेक नंतर मला गळ्याशी धरून म्हणाली, "तापातही माय एकच इचारे, चोळी बसली का?"

एवढं उत्तर त्यांच्या कानी पडायला हवं होतं. ही हळहळ इतक्या वर्षांत कमी झाली नाही. पुढे शिवणावरच मी उभी राहिले, दर नवरात्रात देवीची चोळी शिवत आले. पहिली काही वर्षं देवीला विचारत असे, एक दिवस आधी निरोप पोचता तर तुझं काय बिघडलं असतं? आता विचारत नाही. चोळी देवळात दिली की हात जोडते आणि हळूच सांगते, "आई, बसली म्हणून मावशींना सांग."