मत्स्यराजाचा आवाज

हे मी सुलभाला सांगितलेलं नाही. माझ्या भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. तरी जीभ उचलत नाहीये — आधी खेळाबद्दल सांगते. ते सोपं आहे.

मी घोलवडला एका नर्सरीत काम करते. चिकूची कलमं, त्यांच्या पिशव्या, कुठल्या टेम्पोत किती रोपं चढवायची — हे सगळं माझ्याकडे. मुंबईला हॉस्टेलवर असताना मी एक खेळ शिकले होते. फाशांचा, पण पट नसलेला. एक जण गोष्ट सांगतो आणि त्यातल्या सगळ्या राक्षसांची सोंगं करतो. बाकीचे एकेक वीर होतात, आपण काय करणार ते बोलतात, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. रविवारी दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही चौघं बसायचो. मी, माझा भाऊ केतन, अच्छाडला ढाबा चालवणारा त्याचा मित्र जिग्नेश, आणि सुलभा. सुलभा माझ्याच नर्सरीत कलमं बांधायची. वाढवणची, तांडेलाची, म्हणजे मासेमारीच्या होडीच्या प्रमुखाची, मुलगी. वडिलांनी तिला कधी होडीवर चढू दिलं नव्हतं, म्हणून खेळात ती स्वतःच तांडेल झाली होती, चाळीस वल्ह्यांच्या जहाजाची. गोष्ट सांगणारी मी. राक्षस सगळे माझे.

२०१५ च्या सुमाराला त्या खेळाचे नवे नियम माझ्या हातात आले. जुन्या पुस्तकातले माणसासारखे राक्षस — लांडगेमाणसं, सरडेमाणसं, मत्स्यमानव — नव्या नियमांत तसेच चालेनात. जुन्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, नव्यात बरोबर उलटं! मी एकेकाला वहीत नव्याने बसवत गेले. किती जीव, किती ताकद, किती अक्कल. पुस्तकं जाडजूड, इंग्रजी. केतनला कंटाळा, जिग्नेशला वेळ नाही, सुलभाला इंग्रजी वाचताना धाप लागायची. म्हणजे पुस्तकात काय आहे हे फक्त मला माहीत. मला ते आवडायचं — हेही सांगूनच टाकते.

मत्स्यमानवांपाशी मी अडले. आकडे बसले, पण त्यांचा राजा काही तोंड उघडेना. पाण्यात राहणारा म्हातारा राजा जमिनीवर येऊन कसा बोलेल? दोन रविवार मी त्याला टाळलं. मग मला आवाज सापडला.

सापडला? नाही. मी तो उचलला.

सुलभाच्या वडिलांना — मी त्यांना काका म्हणते — आदल्या वर्षी लकवा झाला होता. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ज्यांची हाक एका होडीवरून दुसऱ्या होडीवर जायची, त्यांचा शब्द आता घशातच अडकायचा. मग ते डाव्या हाताने मांडीवर तीन थापा मारायचे, तेव्हा कुठे तो बाहेर यायचा, ओला, वाकडा. आणि आला याची खात्री करायला तोच शब्द पुन्हा म्हणायचे. मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हाही असंच. "जेव... जेव. लाजू नको... लाजू नको." बोंबलाचं कालवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

आणि पुढच्याच रविवारी माझ्या मत्स्यराजाने मांडीवर तीन थापा मारल्या, तोंड वाकडं केलं आणि प्रत्येक शब्द दोनदा म्हटला. जिग्नेश हसून हसून खोक्यावर कोसळला. केतन हसला. सुलभाही हसली. घरी रोज कानावर पडणारा आवाज तिला इथे ओळखू आला नसेल? की ओळखावासा वाटला नसेल? मला माहीत नाही. मी मात्र तिच्याकडे न बघता सोंग करत होते, याचा अर्थ मला तेव्हाच कळत होता. नाही का?

राजा सगळ्यांना इतका आवडला की मी त्याला मरूच दिलं नाही. दर रविवारी आणला.

काका तेव्हा घराबाहेर पडत नव्हते. डॉक्टर सांगायचे, चार माणसांत बसवा, बोलतं करा. ते ऐकायचे नाहीत. सुलभा महिनाभर त्यांच्या मागे लागली आणि शेवटी एका रविवारी रिक्षातून त्यांना आमच्या शेडमध्ये घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मी प्लास्टिकची खुर्ची दिली. ती त्यांना घेऊन येणार हे तिने आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. मी जिग्नेशला फोन करून सावध करू शकत होते. केला नाही.

काकांनी आमच्याकडे, फाशांकडे, कागदांकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. हात मांडीवर आला. एक, दोन, तीन.

"खेळा... खेळा."

"अरे, आ तो आपणो राजा!" जिग्नेशच्या तोंडून गुजरातीत निघून गेलं, आणि तो हसला. वाईट मनाने नाही. त्याने काकांना आधी कधी पाहिलंच नव्हतं. केतनने मान खाली घातली.

काका अर्ध्या तोंडाने हसले. त्यांना वाटलं, काहीतरी कौतुक चाललंय. "राजा? कोण... कोण राजा?"

मी फासे गोळा करायला लागले. काकांनी एकेकाचा चेहरा पाहिला. मग हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि निघेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

इथे मी खरं बोलले असते तर? पण मी सांगायला बसलेय ती गोष्ट ही नाही. ती दुसऱ्या दिवशीची आहे.

सोमवारी कलमांच्या मांडवात सुलभा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "वैशू, खरं सांग. ते तू बाबांचं घेतलंस ना?"

"वेडी आहेस का? पुस्तकातच आहे तसं."

"दाखव."

दुपारी मी पुस्तक आणलं. मत्स्यमानवांचं पान काढलं. त्यात जाळी होती, भाले होते, अंगावरचा चिकट द्रव होता — राजाच्या बोलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ओळींवरून बोट फिरवत गेले आणि तिला मराठीत वाचून दाखवलं. राजा मांडीवर तीनदा हात मारतो. राजाचं तोंड एका बाजूला झुकलेलं असतं. तो प्रत्येक शब्द दोनदा उच्चारतो. माझा आवाज जराही अडखळला नाही. ती माझ्या बोटाकडे बघत होती, ओठ हलवत, एखादा शब्द लागतोय का ते पाहत.

मग तिने डोळे पुसले. "सॉरी गं. मी तुझ्याबद्दल रात्रभर काय काय मनात आणलं."

"असू दे," मी म्हटलं.

मी तिला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी — तिला — माफ केलं.

तिने घरी जाऊन काकांची समजूत घातली, ते तुम्हाला हसले नाहीत, पुस्तकात तसा एक राजा आहे म्हणून. काका नुसतं "हो" म्हणाले. पण त्यानंतर ते कुठे गेले नाहीत. गावात होऊ घातलेल्या मोठ्या बंदराविरुद्ध सभा व्हायच्या, लोक बोलवायला यायचे, तांडेल तुम्ही नुसते येऊन बसा म्हणायचे. ते आतल्या खोलीत जायचे. घरी कुणी परकं आलं की मानेनेच हो-नाही. हे सगळं सुलभा कलमं बांधता बांधता मला सांगायची, आणि मी तिला धीर द्यायचे. व्यायाम करून घे, म्हणायचे.

२०१९ मध्ये तिने नर्सरी सोडली आणि वाढवणला शिलाईचं काम सुरू केलं. वाडीतल्या मुलींना ती खेळ शिकवायला लागली, म्हणून माझी वही मागितली. मी दिली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. आवाज जरा संकोचलेला.

"वैशू, तो मत्स्यराजा मी बदललाय. माझा राजा छान मोठ्याने बोलतो. पुस्तकात काही असू दे, पण मुलींनी बाबांसमोर त्या आवाजाला हसायला नको. तुझी एवढी मेहनत — चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. एवढंच. मग पाऊसपाण्याचं बोललो.

ती अजून माझी मैत्रीण आहे. सणाला मी त्यांच्याकडे जाते. काका मला बघतात, मान हलवतात आणि आत जातात. त्यांना काय ठाऊक आहे, हे मी कधी विचारलेलं नाही.