दारावर टांगलेले साठ दिवस

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला तिसरा रविवार, सकाळचे सव्वाआठ. रक्कम पाचशे रुपये, अजून हाती न आलेली. हजर तिघं: मी, माझी बायको आणि शेजारच्या वहिनी. वहिनींच्या एका हातात त्या दिवसाचा पेपर होता आणि दुसऱ्या हातात त्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, खिळ्यावरून काढून आणलेलं.

पाचशे रुपये मला एका व्यंगचित्राचे मिळतात. नोकरी औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कारखान्यात, कॉस्टिंगची. एका नट-बोल्टाला किती पैसे पडतात हे काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. पण हात चित्राचा आहे, आणि सहा वर्षांपासून इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर माझं एक राजकीय व्यंगचित्र येतं. सुरुवातीला मी पाणीपुरवठ्यावर, खड्ड्यांवर आणि नगरसेवकांवर काढायचो. दर सोमवारी संपादकांना कुणाचा तरी फोन जायचा. एकदा ते म्हणाले, "तुम्ही आता अमेरिका घ्या. कुणाच्या भावना दुखत नाहीत, आणि सिडकोत दर चार घरांमागं एकाचं पोरगं तिकडं आहे. वाचणारे भरपूर." चारांमागं एक हा आकडा कुठून आणला, असं मी विचारलं. त्यांनी चहा मागवला.

मी अमेरिका पाहिलेली नाही. माझी अमेरिका म्हणजे शेजारच्या घरचा रविवारचा व्हिडिओ कॉल. शेजारचे दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे वैजापूरकडचे. त्यांचा मुलगा दहा वर्षांपासून तिकडं, सॉफ्टवेअरमध्ये. तीन वर्षांपूर्वी त्यानं आणि त्याच्या बायकोनं घर घेतलं. कॉल चालू असताना मी वही घेऊन दादांच्या शेजारी बसायचो. त्यानं सांगितलं की अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल परवडणार नाही म्हणून एक मित्र पाय मोडलेला असताना टॅक्सीनं दवाखान्यात गेला. मी पेशंटपेक्षा लांब बिल काढलं, स्ट्रेचरवर बिलच झोपलेलं आणि पेशंट ते ढकलतोय. त्यानं सांगितलं की पाण्याची बाटली घेतली तरी मशीन बक्षिसी किती टक्के देणार ते विचारतं. मी देवळातली दानपेटी काढली, तिला स्क्रीन बसवलेला. पहिल्या चित्रात मी त्याच्या घराला कंपाउंड आणि लोखंडी गेट काढलं होतं. तो हसला. "काका, इथं कंपाउंड नसतं." तेव्हापासून मी उघडी हिरवळ काढतो. काढताना अजूनही वाटतं की गाय आत शिरेल.

व्यंगचित्रात नाक मोठं करायला हरकत नसते, पण मोजता येणारी गोष्ट मला चुकीची काढवत नाही. अमेरिकेचा झेंडा कितीही लहान असला तरी मी पन्नास चांदण्या काढतो, सहा आणि पाचच्या ओळी आलटून पालटून. छापल्यावर त्यांचा एक डाग दिसतो. संपादक म्हणतात, कोण मोजतंय? वहिनींनी एकदा मूळ चित्रावर मोजल्या होत्या. भिंग लावून.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, चोवीस ऑक्टोबरला, दादांच्या मुलाची नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी दादा पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले.

"तुम्हाला हिशेब येतो म्हणून विचारतो," ते म्हणाले. "साठ दिवस देतात म्हणं. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नायतर देश सोडायचा. ह्यात रविवार धरत्यात का?"

मी वाचून पाहून दुसऱ्या दिवशी सांगितलं की धरतात. एका कागदावर तारखांसमोर उरलेले दिवस लिहून दिले. तेवीस डिसेंबरला शून्य. वर आगाऊपणानं हेही सांगितलं की तारीख तिथली धरायची, आपली नाही.

"घरात बोलू नका," दादा म्हणाले. "जानेवारीची तिकिटं काढलीत तिनं. त्याचं घर बघायचंय. लई लोकांना सांगून ठेवलंय." मी शब्द दिला.

मग दादा रोज सकाळी त्या कागदावरचा आकडा पेन्सिलनं कॅलेंडरच्या चौकटीत लिहू लागले, दुधाच्या नोंदीशेजारी. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, बीपीच्या गोळ्या किती उरल्या ते लिहितो.

मी बोललो नाही. पण डोक्यातून ते जाईना. घराचं कर्ज तीस वर्षांचं, बँकेनं हसत हसत दिलेलं. आणि राहण्याची मुभा नोकरी गेल्यावर साठ दिवस. दोन्ही कागद एकाच देशाचे. मी घर काढलं, हिरवळ, गाडी, झेंडा. दारावर रोज एक पान फाडायचं जाड कॅलेंडर टांगलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलेला माणूस गवत कापतोय आणि यंत्रातून गवताऐवजी फाटलेली पानं उडतायत. खाली ओळ लिहिली: "घर तीस वर्षांच्या कर्जावर, मुक्काम साठ दिवसांचा." चेहरा कुणाचाच नव्हता. माझ्या मते मी एक नियम काढला होता, माणूस नाही.

वरच्या पानावर आकडा हवा होता. दुसऱ्या कुणी दहा लिहिलं असतं, पाच लिहिलं असतं, ते जास्त भेदकही झालं असतं. मला खरा आकडा माहीत असताना खोटा लिहवेना. गुरुवारी चित्र दिलं तेव्हा चाळीस उरले होते. पेपर रविवारी येणार म्हणून मी सदतीस लिहिलं.

त्या रविवारी वहिनींनी पेपर आणि कॅलेंडर आमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"भाऊजी, हे सदतीस कुठून आणलं?"

"असाच आकडा आहे तो."

माझी बायको हातातली कपबशी ठेवून म्हणाली, "हे भाजीवाल्यालासुद्धा असाच आकडा सांगत नाहीत."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "चांदण्या पन्नास मोजून काढणारा माणूस. आमच्या भिंतीवर बी सदतीस. गोळ्या म्हणं! गोळ्या चौदाच हायेत डब्यात, मी मोजल्या. काल अडतीस होतं, परवा एकूणचाळीस. कशाचे दिवस हायेत हे? सांगता का मी त्यालाच फोन लावू?"

मी सांगितलं. दादांना दिलेला शब्द तीन आठवडेसुद्धा टिकला नाही, आणि मोडला तो बोलून नव्हे, पेपरात छापून. वहिनींनी पेपर पुन्हा जवळ ओढला.

"म्हणजे मला सोडून साऱ्या औरंगाबादला माहीत झालं," त्या म्हणाल्या. "पाचशे मिळतात ना ह्याचे तुम्हाला?"

इतक्यात दादा उघड्या दारातून आत आले, कॅलेंडर शोधत. टेबल पाहून जागच्या जागी थांबले.

"या," वहिनी म्हणाल्या. "गोळ्या घेतल्या का आजच्या?"

"तुझा बीपी वाढंल म्हणून नाय बोललो."

"आता कमी झाला व्हय?"

वहिनींनी आमच्याच टेबलावरून मुलाला फोन लावला. तो लगेच पडद्यावर आला, दाढी वाढलेली. वहिनींनी नोकरीबद्दल अक्षर विचारलं नाही. "जेवलास का?" म्हणाल्या, आणि पेपर फोनसमोर धरला. त्यानं चित्र नीट पाहिलं, खालची ओळ वाचली.

"काकांचा आकडा चुकलाय," तो म्हणाला. "इथं अजून शनिवार आहे. अडतीस आहेत."

दादा माझ्याकडं बघू लागले. तारीख तिथली धरायची, हे मीच त्यांना बजावलं होतं. आणि चित्र काढताना पेपरची तारीख धरून मी मोकळा झालो होतो. आधी वहिनी हसल्या, मग तो हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

"आई, तू सगळ्यांना सांगितलंयस घराचं," तो म्हणाला. "परत कसा येऊ?"

"सांगितलं ते मी सांगितलं. त्याचं मी बघते. तुला यायचंय का ते बोल."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच परत येण्याचा शब्द त्या घरात निघाला होता. आईला कळू नये म्हणून तो तिथं हाती लागेल ती नोकरी शोधत होता, इथली एकही नाही. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

सोमवारी मी संपादकांकडं गेलो आणि चूक दुरुस्ती छापा म्हणालो: सदतीसच्या जागी अडतीस वाचावे. ते म्हणाले, व्यंगचित्राची चूक दुरुस्ती आजवर कुणी मागितली नाही. मग म्हणाले की ह्या चित्रावर चार फोन आले. चौघांनाही वाटलं की चित्र त्यांच्याच घरचं आहे. एक गृहस्थ तर रागावून म्हणाले, आमचे अकराच राहिलेत, तुम्ही सदतीस कसे लिहिता? हे मी वहिनींना येऊन सांगितलं. "मग आपलं कुणी ओळखलं नाय?" त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणालो. "बिचारे," त्या म्हणाल्या. त्या चार घरांबद्दल.

मूळ चित्रावर मी पांढरा रंग लावून अडतीस केलं आणि ते वहिनींना दिलं. मुलाचं यायचं ठरलं तेव्हा त्यांनी जानेवारीची तिकिटं स्वतः रद्द केली आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना फोन करून सांगितलं, पोरगा आणि सूनच इकडं येतायत. कारण कुणालाच दिलं नाही. मुलगा आणि सून एकवीस डिसेंबरला सकाळी आले. घर एजंटाकडं विकायला टाकून, दोन दिवस हातचे राखून. ह्या वेळी मी तारीख तिथली धरली: तीन.

चित्राचे पाचशे तोवर खात्यात आले होते. मी ते पाकिटात घालून मुलाला द्यायला गेलो. त्यानं हात मागं घेतला. "काका, माझा फोटो कुठं होता त्यात?" वहिनींनी मधूनच पाकीट उचललं.

त्यांनी कॅलेंडरच्या चौकटी दाखवल्या. एकवीस तारखेपासून पेन्सिलचे आकडे बंद होते आणि दुधाची नोंद वाढली होती, रोज एक लिटर जादा. महिनाअखेर अकरा दिवसांचं जादा दूध अकरा लिटर, चौसष्टच्या भावानं सातशे चार. त्यातले पाचशे माझ्या पाकिटातले, दोनशे चार वहिनींनी घातले. एक जानेवारीला सकाळी त्यांनी दारात दूधवाल्याला जादा दुधाचे सातशे चार रुपये दिले.